न्हाणीचं पाणी

अकोल्याच्या माणसाला लग्नाची तारीख विचारली तर तो बायकोच्या तोंडाकडे पाहील. पण नळ कधी येणार हे विचारा, झोपेतून उठून सांगेल. जठारपेठेतल्या विमलबाई तर या बाबतीत पंचांगाला मागे टाकायच्या. आपल्या गल्लीत नळ कधी सहाव्या दिवशी येतो, कधी आठव्या, पंप बिघडला तर दहाव्या, हे सगळं त्यांच्या बोटांवर असायचं. नळाच्या दिवशी पदर खोचून त्या उभ्या राहिल्या की घरातलं एकही भांडं कोरडं राहायची बिशाद नसे. गुंड, बादल्या, निळे ड्रम, पातेली, एवढंच काय, देवाचा तांब्यासुद्धा. त्यांचे यजमान बापूसाहेब, चाळीस वर्षं वकिली करून आता घरी बसलेले, खुर्चीतून म्हणायचे, "विमल, माहे बूट तेवढे रायले पाह्य. त्यातही भरून ठेव."

"तुमाले बोलाले काय जाते? पाणी सरलं का तुमीच ओरडसान."

आता गंमत अशी की, या विमलबाईंनी एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेलं. डासाचं जीवनचक्र हा त्यांचा हातखंडा धडा. अंडी, अळी, कोष, डास. चार रंगांच्या खडूंनी फळ्यावर असं काढायच्या की मागच्या बाकावरची कार्टीसुद्धा मान वर करून पाहायची. 'आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा, भांडी पालथी घाला,' हे वाक्य त्यांनी निदान हजार पोरांच्या वह्यांत उतरवून घेतलं असेल. शाळेत भाषा एकदम शुद्ध, शाळेची पायरी उतरली की वऱ्हाडी. आणि कोरड्या दिवसाचंही तसंच होतं, तो शाळेत राहायचा. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण म्हणतात ना, त्यातला प्रकार. पण त्यांना हसण्यात अर्थ नाही. आठ दिवसांनी येणारं पाणी सातव्या दिवशी ओतून देणारा माणूस अकोल्यात अजून जन्माला यायचा आहे.

त्या वर्षी भाद्रपदात मैथिली बाळंतपणाला येणार होती. मैथिली त्यांची एकुलती एक लेक. दिलेली अमरावतीला, नोकरी बडनेऱ्याच्या स्टेशनावर तिकिटाच्या खिडकीत. जावई गौरांग शाळेत संगीत शिकवायचा, बोलायचा कमी आणि गुणगुणायचा जास्त. त्याचं म्हणणं होतं की बाळंतपण अमरावतीतच करू, डॉक्टरीण ओळखीची आहे, घरही जवळ. विमलबाईंनी ते फोनवरच उडवून लावलं. "पहिलं बाळंतपण माहेरीच असते, गौरांगराव. आमी काय मेलो का?" यावर गौरांगच काय, कुणीच काही बोलू शकत नाही.

मग विमलबाई तयारीला लागल्या. डिंक, खारीक, अळीव, जुन्या धोतरांचे लंगोट हे सगळं झालंच; पण त्यांना खरी काळजी होती पाण्याची. बाळंतीण आणि लेकराची न्हाणी म्हणजे खेळ नव्हे. तेल लावून दोघांची कढत पाण्याची आंघोळ, लंगोट, दुपटी, शेकाची फडकी; सव्वा महिना रोज भाराभर पाणी लागतं. मागच्या अंगणात न्हाणीघराला लागून सिमेंटचं जुनं टाकं होतं, कितीतरी वर्षं त्यात अडगळ पडलेली. ते त्यांनी स्वतः आत उतरून घासलं. सहासष्टाव्या वर्षी, गुडघे दुखत असताना. तीन नळांच्या पाण्यानं ते काठोकाठ भरलं आणि आपलं एक जुनं मऊ नऊवारी पातळ दुहेरी करून त्यावर पसरलं. चारी कडांना विटा ठेवल्या. त्या दिवसापासून त्या टाक्यातलं तांब्याभरही पाणी त्यांनी कुणाला घेऊ दिलं नाही. नळ दहा दिवस लांबला तेव्हा बापूसाहेबांनी अर्ध्या बादलीत आंघोळ उरकली, पण पातळाला कुणी हात लावला नाही.

महालक्ष्म्या उठल्या, गौरींचा सण सरला आणि मैथिली आली. पोट मोठं, पाय सुजलेले, तोंडावर तेज. आल्या आल्या तिनं मागच्या अंगणात बदामाच्या झाडाखालची खाट धरली. टाक्याच्या गारव्याला दुपारभर तिथं पडून राहायची, पोटावर हात ठेवून लेकराशी बोलायची. विमलबाई स्वयंपाकघराच्या खिडकीतून ते पाहायच्या आणि त्यांचा जीव सुपाएवढा व्हायचा.

चारपाच दिवसांनी मलेरिया खात्याचा पुंजाराम आला. पन्नाशीचा, खाकी पिशवी, हातात बॅटरी, दारोदार पाणी तपासणं हे त्याचं काम. गल्लीत ताप सुरू झाला होता. शेजारची संध्या आठवडाभर कमरेत वाकून चालत होती, तिला हाताची मूठसुद्धा मिटता येत नव्हती. पुंजारामनं समोरच्या दोन ड्रमांत बॅटरी मारून पाहिली आणि पिशवीतून औषधाची बाटली काढली.

"बाई, हे दोन थेंब टाकतो. अळी होत नाई. मांगं काई टाकं-गिकं हाये का?"

विमलबाईंच्या डोळ्यांपुढे ते स्वच्छ टाकं आलं. त्या पाण्यानं आपलं नातवंड न्हाणार, ते पाणी त्याच्या डोळ्यांत जाईल, तोंडात जाईल; त्यात हा माणूस डासांचं औषध ओतणार. शिवाय ते झाकलेलं आहे, घासून भरलेलं आहे.

"नाही भाऊ," त्या म्हणाल्या. "मांगं काईच नाही. हे दोन ड्रमच हायेत."

पुंजारामनं वहीत लिहून घेतलं. दाराशेजारच्या भिंतीवर गेरूनं तारीख टाकली आणि पुढच्या घरी गेला. इतकी वर्षं मास्तरकी केलेली बाई. तिच्यावर कोण अविश्वास दाखवणार?

पुढच्या आठवड्यात मैथिलीला एक दिवस बडनेऱ्याला जावं लागलं. बाळंतपणाच्या रजेच्या कागदावर सही राहिली होती, आणि साहेब म्हणाला, समोर येऊनच करा. बापूसाहेब तिला सकाळच्या गाडीनं घेऊन गेले आणि दुपारी परत घेऊन आले. बस, एवढंच. त्यानंतर सहाव्या दिवशी ती सकाळी उठली ती कण्हतच. अंगात ताप, मनगटं सुजलेली, बोटातली अंगठी निघेना.

"आई, हाडं मोडून राहिल्यासारखी वाटून राहिली."

"नववा सरत आला बाई. अंग दुखतेच. आता कळा येतील पाह्य," असं म्हणून विमलबाईंनी तापाची गोळी दिली आणि पायाला तेल चोळलं. संध्या त्यांच्या डोळ्यांसमोर रोज वाकून जात होती, तरी त्यांच्या मनात ते आलं नाही. आपल्या घरात तसलं काही येईल हेच त्यांना पटण्यासारखं नव्हतं. दुसऱ्या दिवशी अंगावर लाल पुरळ उठलं आणि कळाही सुरू झाल्या. तेव्हा रिक्षा बोलावून दवाखाना गाठला.

मुलगी झाली. पावणेतीन किलोची, काळ्याभोर जावळाची. अमरावतीहून धावत आलेला गौरांग दाराबाहेर उभा होता; तिचं पहिलं रडणं ऐकून तो इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोठ्यानं बोलला. "काळी पाचचा सूर लावला पोरीनं!" नाव तिथंच ठरलं, रागिणी. बारशाची वाटसुद्धा कुणी पाहिली नाही. विमलबाईंनी तिला दुपट्यात घेतलं तेव्हा तिनं त्यांचं बोट इतकं घट्ट धरलं की, त्या नर्सला म्हणाल्या, "पाहा पाहा, कशी पकड आहे!"

डॉक्टरांनी मात्र मैथिलीचं रक्त तपासायला पाठवलं होतं. तिसऱ्या दिवशी कागद आला. चिकुनगुन्या. डॉक्टर म्हणाले, ताप अंगात असतानाच बाळंतपण झालंय, तेव्हा बाळाला लागण झालेली असू शकते. आणखी चार दिवस कुठे जायचं नाही. विमलबाईंनी दोन्ही हात जोडले. बाळ तर छान होतं, दूध ओढत होतं.

चौथ्या दिवशी सकाळी रागिणीनं दूध सोडलं. अंग तापलं. छातीला लावलं की तोंड फिरवायची आणि रडायची; रडणंही ते राहिलं नव्हतं, बारीक, चिरकं, दाराच्या फटीतून वारा यावा तसं. गौरांग ते ऐकून बाहेर जाऊन उभा राहिला. दुपारपर्यंत तिच्या नाकाचा शेंडा काळवंडला आणि डावा हात झटके देऊ लागला. मग नर्सनं तिला उचललं आणि काचेच्या पेटीत नेऊन ठेवलं, नळ्या लावल्या, आणि दार बंद झालं.

डॉक्टर बाहेर आले तेव्हा बाकावर सगळे होते. मैथिली भिंतीला टेकून, सुजलेले हात मांडीवर उताणे ठेवून. शेजारी तिची सासू ललिताबाई, आदल्याच दिवशी अमरावतीहून आलेल्या. डॉक्टर तरुण होते, पण बोलायचे जपून.

"मेंदूपर्यंत गेलंय. या विषाणूवर औषध नाही. झटके थांबवायचे, ताप उतरवायचा, श्वास सांभाळायचा, बाकी तिची ती लढेल. मला एक सांगा, डास चावल्यापासून साधारण तीन ते सात दिवसांत ताप येतो. ताप यायच्या आधी आठवडाभर या कुठे होत्या?"

कुणी बोलायच्या आत विमलबाईंना ते पातळ दिसलं. पुंजारामची बॅटरी दिसली. खाटेवर पोटावर हात ठेवून झोपलेली मैथिली दिसली. आणि तोंडानं मात्र त्या बोलल्या, शाळेतल्या शुद्ध भाषेत बोलल्या.

"सहा दिवस आधी बडनेऱ्याला जाऊन आली होती, डॉक्टर. कामाच्या ठिकाणी."

यात खोटं एक अक्षर नव्हतं. ललिताबाईंनी सुनेकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "नवव्या महिन्यात! म्या फोनवर म्हटलं होतं, सही गेली चुलीत." मैथिलीनं मान खाली घातली. विमलबाईंना वाटलं, आता ही म्हणेल, एका दिवसाचं काय घेऊन बसले, मी तर तीन आठवडे आईच्या घरी होती. पण ती बोलली नाही, आणि विमलबाईही बोलल्या नाहीत. बाई एकदा गप्प बसली की पुढचं गप्प बसणं सोपं जातं.

दोन दिवसांनी विमलबाई कपडे न्यायला घरी आल्या तर पुंजाराम दाराशी उभा. दवाखान्यातून नाव गेलं होतं, रोगी निघाला की ते घर आणि आजूबाजूची घरं पुन्हा तपासावी लागतात. तो सरळ मागच्या अंगणात गेला. विमलबाई त्याच्या मागे गेल्या, अडवायचं त्राणच नव्हतं. त्यानं एका कोपऱ्यातलं पातळ उचललं. तिथली वीट केव्हाच सरकून पडली होती, आणि कापड मधोमध ओलं होऊन पाण्याला टेकलं होतं. बॅटरीचा झोत आत पडला. वळवळ, वळवळ, वळवळ. विमलबाईंनी एकतीस वर्षं फळ्यावर काढलेली अळी, डोकं खाली, शेपूट वर. कोषही होते, स्वल्पविरामासारखे.

पुंजाराम रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं.

"बाई," तो एवढंच म्हणाला, "तुमी तं मांगं काई नाई म्हणे."

तो पुढच्या घरांकडे गेल्यावर त्यांनी टाक्याच्या बुडाशी बसवलेलं गुडदीचं बूच उपटलं. तीन नळांचं पाणी गटारीत गेलं; बराच वेळ वाहत होतं. बापूसाहेब डबा न्यायला आले होते, ते काठी टेकत मागच्या दाराशी येऊन थांबले. विमलबाईंनी त्यांना सगळं सांगितलं, पुंजारामला काय म्हणाल्या तेही. बापूसाहेबांनी काठी भिंतीला लावली.

"पुरावा नाही विमल," ते म्हणाले. "गल्लीत घरोघरी अळ्या निघून राहिल्या. बडनेऱ्यातही असतीन. कोन्या डासानं चावलं हे ब्रह्मदेवालेही सांगता येनार नाही."

"मी निकाल मागून नाही राहिली."

"मंग कोनाले काई सांगू नको. पोरगी आधीच मोडली हाये. अजून तिच्यावर काहून टाकतं?"

वकिलाचा सल्ला फुकट मिळाला की तो पाळण्याचा मोह होतो. विमलबाईंनी तो पाळला.

रागिणी वाचली. तेवीस दिवसांनी काचेच्या पेटीतून बाहेर आली, तेव्हा तिची बोटं आवळलेली होती आणि नजर कुठेच ठरत नव्हती. डॉक्टर म्हणाले, मेंदूला सूज येऊन गेलीय, किती नुकसान झालंय ते हळूहळू कळेल. ललिताबाई दवाखान्यातूनच सुनेला आणि नातीला अमरावतीला घेऊन गेल्या. "तिकडं मोठे डॉक्टर हायेत, आमी पाहू आता." त्यात वावगं काही नव्हतं. जठारपेठेच्या घरात डिंकाचे लाडू डब्यात तसेच राहिले, आणि एका दिवसाचीही न्हाणी झाली नाही. पुढच्या नळाला विमलबाईंनी दोन बादल्या भरल्या आणि तोटी बंद केली. बापूसाहेबांनी बुटांचा विनोद केला नाही.

मग त्या महिन्यातून दोनदा अमरावतीला जाऊ लागल्या. सकाळच्या गाडीनं जायचं, संध्याकाळी परत. तिसरा महिना गेला, रागिणी हसली नाही. चौथा गेला, पाचवा गेला, मान धरली नाही. शेजारच्या घरातलं तिच्याच वयाचं पोर पालथं पडून गुरगुरत होतं, त्या घराकडची खिडकी मैथिलीनं बंद करून टाकली होती. कसरती शिकवणारी बाई रोज यायची, आवळलेले हातपाय सोडवायची आणि रागिणी कळवळून रडायची. फक्त कोमट पाण्यात तिचं अंग जरा सैल पडायचं. दरवेळी परतीच्या गाडीत विमलबाई ठरवायच्या, पुढच्या खेपेला सांगीन. बडनेरा मागे पडायचं, मूर्तिजापूर मागे पडायचं, अकोला यायचं. पुढची खेपही तशीच जायची. त्यांना भीती एकच होती. हे ऐकल्यावर लेक आपल्याला दारात उभं करणार नाही, आणि मग या लेकराचं तोंडही दिसणार नाही.

होळी झाल्यावरच्या खेपेला घरात गौरांग नव्हता, ललिताबाई देवळात गेल्या होत्या. टेबलावर गौरांगच्या बाजाच्या पेटीखाली एक कागद दाबून ठेवलेला. विमलबाईंनी वाचला. मैथिलीचा राजीनामा होता, तारीख उद्याची.

"हे काय वं?"

"सोडून राहिली नोकरी." मैथिली लेकराचे कपडे काढत होती. "रजा सरली. आन् कोन्या तोंडानं जाऊ तठी? सासूबाई रोज म्हणतात, नोकरीच्या सोसापायी झालं. म्हणत नाहीत तवाही म्हणतातच."

किती कष्टानं मिळवलेली नोकरी, हे विमलबाईंना ठाऊक होतं. तीन वेळा परीक्षा दिली होती पोरीनं. त्या न्हाणीघरात गेल्या, पाटावर बसून पाय लांब केले, साडी गुडघ्यापर्यंत वर घेतली. मैथिलीनं रागिणीला त्यांच्या पायांवर पालथं ठेवलं. एका हातानं हनुवटी, दुसऱ्यानं डोकं धरावं लागायचं. सहा महिन्यांची पोर, मान चिमणीच्या पिलासारखी. मैथिली तांब्यानं पाणी घालू लागली. हळूहळू ती आवळलेली पाठ सैल झाली.

"बडनेऱ्यानं नाही झालं ते," विमलबाई म्हणाल्या. वर पाहायचं धैर्य नव्हतं, लेकराच्या पाठीकडे पाहूनच बोलल्या. "माह्या टाक्यानं झालं. न्हाणीसाठी भरलेलं पाणी. पुंजाराम आला होता औषध टाकाले, मी त्याले खोटं सांगतलं, का मांगं काई नाही. तुह्या खाटेपासून चार हातावर होतं ते. नंतर त्यानं उघडून दाखवलं, अळ्यांनी भरलं होतं. दवाखान्यात डॉक्टरनं इचारलं तवाच माह्या मनात आलं होतं. तरी मी बडनेरा सांगून मोकळी झाली. तुह्यावर टाकलं. सहा महिने तुले ऐकून घेऊ देलं. मी आई नोहो, मैथिली."

तांब्या थांबला. बादलीवर येऊन बसलेली माशी उडून गेली, पुन्हा बसली. विमलबाई वाट पाहत राहिल्या. आता ही उठेल, लेकरू घेईल आणि दार दाखवेल.

"मले मालूम हाये," मैथिली म्हणाली.

"काय?"

"टाक्याचं. मी पायलं होतं." तिचा आवाज अगदी साधा होता, जेवायला वाढलंय म्हणावं इतका साधा. "बडनेऱ्याले जायच्या आधीच. खाटेवर पडल्या पडल्या पातळाचा कोपरा पाण्यात लोंबून राहिलेला दिसला, म्हणून उचलून पायलं. आत वळवळ चालू होती. तूच शिकवलं होतं मले, सातवीत. वळखलं मी."

विमलबाईंनी पहिल्यांदा मान वर केली.

"मंग... बोलली काहून नाही?"

"कशी बोलू? बाबा अर्ध्या बादलीत आंघोळ करून राहिले होते. तू गुडघे धरून त्या टाक्यात उतरली होती, माह्यासाठी. रोज येऊन त्या पातळावरून हात फिरवायची. तुले 'हे पाणी सांड' म्हणाले जीभच उचलली नाही आई. म्हटलं, न्हाणीच्या वक्ती गाळून घेऊ. कोपरा सारखा केला आन् परत झोपली. तठीच झोपली." तिनं तांब्या खाली ठेवला. "तू डॉक्टरले बडनेरा म्हणाली तवा मले बरं वाटलं. म्हटलं, निदान हे तरी कोनाले कळनार नाही. तुह्यावर नाही आलं, आन् माहं जे होतं ते माह्यावरच रायलं."

विमलबाईंना असा राग आला, असा राग आला की वाटलं, उठावं आणि या पोरीच्या थोबाडीत द्यावी. एक शब्द बोलली असती, एकच शब्द! आणि त्याच क्षणी तिला पोटाशी धरून गळा काढून रडावं असंही वाटलं. दोन्हींतलं काहीच करता येत नव्हतं. पायांवर ओली रागिणी होती, आणि तिची मान त्यांच्या दोन्ही हातांत होती. हात सोडला असता तर मान पडली असती.

मैथिलीही हलली नाही. डोळ्यांतलं पाणी तिनं खांद्याला पुसलं. लेकराच्या अंगावर काटा आला तेव्हा दोघींनाही एकदमच दिसला.

"पाणी घाल," विमलबाई म्हणाल्या. "हिवानं काटा आला तिले."

मैथिलीनं तांब्या उचलला. पाठ झाली, मग उताणं करून पोट, मग एकेक करून आवळलेल्या मुठी. विमलबाई मान धरून होत्या.

"ललिताबाई आल्या का मी सांगीन त्यायले," थोड्या वेळानं त्या म्हणाल्या. "माहं मी सांगीन. तुहं तू सांग नाहीतर नको सांगू. आन् तो कागद देऊ नको उद्या. मी अठी राहीन. बाबालेही घेऊन येईन. तू ड्युटीवर जा, न्हाणी माह्याकडे."

"सासूबाई ठेवतील?"

"नाही ठेवलं तं खोली पाहीन जवळ. रोज येईन."

मैथिलीनं टॉवेल उलगडला आणि विमलबाईंनी लेकरू त्यात दिलं, मान शेवटपर्यंत सोडली नाही. रागिणी दमून डोळे मिटत होती. तिची आई तिला छातीशी धरून दारात उभी राहिली आणि मागे वळून पाहू लागली. बादलीत अर्ध्याच्या वर पाणी उरलं होतं, स्वच्छ, अजून कोमट. अमरावतीलाही नळ काही रोज येत नाही. कोपऱ्यात झाकण ठेवायला ताटली होती. विमलबाई भिंतीला धरून उठल्या, त्यांचा हात सवयीनं ताटलीकडे गेला आणि अर्ध्यावर थांबला.

"सांड," मैथिली म्हणाली.

विमलबाईंनी बादली कलती केली. सगळं पाणी वाहून जाईपर्यंत दोघी मोरीकडे पाहत उभ्या राहिल्या. मग विमलबाईंनी बादली पालथी घातली.